वरचे दात

बँडवाल्यांना आषाढ लागला की काम नसतं. पुढची लग्नं थेट दिवाळीनंतर. तोवर परतूरच्या आमच्या दुकानात बसून पितळ घासायचं आणि बोलायचं. पितळाला चकाकी आली की थांबता येतं, बोलण्याचं तसं नाही. त्यातून सुजाता लंडनला संगीत शिकायला गेल्यापासून तर आमच्याकडं किस्स्यांचा नुसता ढीग पडलाय. मी ड्रम वाजवतो, त्यामुळं मागं उभं राहून सगळं बघायची मला सवय आहे.

*

सुजाता आमच्या मास्तरांची पोरगी. मास्तर म्हणजे गौतम मास्तर, बँडचे मालक, क्लॅरनेटवाले. पोरीलाही क्लॅरनेट त्यांनीच शिकवली. प्रवेशासाठी तिकडच्या कॉलेजला व्हिडिओ पाठवायचा होता. मोबाईलसमोर खुर्ची ठेवली, पण बसून वाजवलं तर सूरच उठेना. सगळं शिकणं वरातीत झालेलं! शेवटी ती उभी राहिली आणि दुकानभर चालत वाजवत सुटली. ट्रंपेटवाले मोईनभाई मोबाईल धरून तिच्या मागं मागं.

मुलाखतीत तिकडच्या बाईंनी विचारलं, "तू वाजवताना चालतेस कशाला?"

"थांबलं तर नवरदेव पुढं निघून जातो," ही म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. प्रवेश मात्र दिला.

*

मास्तरांना वरचे पुढचे दात नाहीत. तीर्थपुरीच्या एका वरातीत नवरदेवाची घोडी बिथरली, मागं सरली, आणि तोंडातली क्लॅरनेट दातांवर आदळली. तेव्हापासून मास्तर दोन्ही ओठ आत मुडपून वाजवतात. त्यांच्याकडं जो शिकला, तो त्यांचं तोंड बघून शिकला. त्यामुळं तालुक्यातले सगळे क्लॅरनेटवाले आपले धडधाकट दात ओठांखाली लपवून वाजवतात, आणि आजवर कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही.

*

सुजाता निघाली त्या दिवशी आख्खा बँड कडक ड्रेसमध्ये परतूर स्टेशनावर. गाडी दिसली तशा मी काड्या उचलल्या. मोईनभाईंनी विचारलं, "मास्तर, काय वाजवायचं?"

आता पोरगी निघताना आम्ही आजवर एकच चाल वाजवत आलोय, नवरीच्या पाठवणीची.

"ते बिलकुल न्हाई," मास्तर म्हणाले. "ती सासरी चाल्ली का?"

जाणाऱ्या पोरीसाठी दुसरी चालच आम्हाला येत नव्हती. गाडी आली, उभी राहिली, गेली. आम्ही वाद्यं घेऊन नुसते उभे. प्लॅटफॉर्मवरची एक म्हातारी मला विचारत होती, नवरी कोणत्या डब्यात बसली म्हणून. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

*

पुढं कित्येक महिने सुजाता फोनवर "चांगलं चालू हाय" एवढंच सांगायची. वाजवून दाखव म्हटलं की विषय बदलायची. एकदा मास्तर हटूनच बसले, तेव्हा तिनं एक सूर लावला. फाटका, चिरका, एखाद्या नवशिक्याचा असावा तसा.

"हे काय करून राह्यली तू?" मास्तर म्हणाले.

मग तिनं सांगून टाकलं. "बाबा, इथं वरचे दात माउथपीसवर टेकवायला सांगतात. वरचा ओठ आत घ्यायचा न्हाई. पहिल्यापासून शिकून राह्यले. वर्षाच्या शेवटी नीट न्हाई वाजलं तर परत पाठवतेत. तुम्हाला कसं सांगू, कळंना."

दुकानात जो तो खाली बघायला लागला. मास्तरांची उभी हयात त्या दोन ओठांवर गेली होती.

"मंग टेकव की," मास्तर म्हणाले. "तुला हाईत ना दात."

*

त्या दिवसापासून मास्तरांनी दुकानात कायदा केला. सुजाताचा फोन चालू असताना क्लॅरनेट वाजणार नाही आणि वरातीच्या क्लिपा तिला जाणार नाहीत. "तिच्या कानावर जुनं पडायला नको," म्हणाले. मोईनभाईंनी टेंभुर्णीच्या लग्नाची एक क्लिप सवयीनं पाठवून दिली, तर मास्तर त्यांच्याशी बोलेनात. फोन वाजला की मास्तर वाजवता वाजवता थांबायचे, क्लॅरनेट सुटी करून पेटीत ठेवायचे, आणि मगच फोन उचलायचे.

मोईनभाईंना राहवलं नाही. "मास्तर, एवढी सजा कशाला?"

"सजा न्हाई, मोईनभाई. तिची वाट मोकळी करून राह्यलो."

एवढं बोलून ते माउथपीसची पत्ती जिभेवर ओली करत बसले. पण त्या दिवशी त्यांनी वाजवलं नाही.

*

परवा तिची वर्षअखेरची परीक्षा झाली. परीक्षकांसमोर तीन चिजा कॉलेजनं ठरवलेल्या वाजवायच्या, शेवटची आपल्या पसंतीची. फोन आला तेव्हा आम्ही सगळे दुकानात होतो. मास्तरांनी आधी क्लॅरनेट पेटीत ठेवली. मोईनभाईंनी स्पीकर लावला.

"जयभीम, बाबा. पास झाले."

मी ड्रमवर हात मारला. मास्तरांनी मला हातानंच गप्प केलं.

"वरचे दात टेकवले होते ना बराबर?"

"टेकवले. शेवटची चीज सोडून."

मास्तर उठले, बाहेर जाऊन चूळ भरून आले आणि पेटी उघडून क्लॅरनेट जोडायला बसले. मोईनभाई घाईनं फोन बंद करायला गेले.

"राहू द्या चालू," मास्तर म्हणाले.