दिवाळसणाचा सीताफळ जाम

पहिल्या दिवाळसणाला जावयाने स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये.

हे मला लग्नात कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण मी तेव्हा भयंकर उत्साहात होतो. मी जालन्यात सळयांच्या कारखान्यात हिशेब बघतो (म्हणजे दिवसभर खुर्चीत बसतो) आणि माझी सासुरवाडी आहे भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याला. सासऱ्यांची, म्हणजे आमच्या मामांची, मोसंबीची बाग आहे. सोयरीक जुळताना मामांनी माझ्याबद्दल एकच शेरा मारला होता, "पोरगं चांगलं हाय, पण हातानं काही करंल असं वाटत न्हाई." पुढे त्यांनी पोरगी दिली, मान दिला, पण बोलणं काही दिलं नाही. "या", "बसा", "जेवा" यापलीकडे आमचा संवाद कधी सरकलाच नाही. माझी बायको ज्योती समजूत घालायची, "आबा तसेच हाईत, मनावर घेऊ नका." पण मला ते लागलं होतं. त्या दिवाळीत मला अंगठी नको होती, घड्याळ नको होतं. मामांनी माझ्याशी घरच्या माणसासारखं मोकळं बोलावं, एवढंच हवं होतं.

नरकचतुर्दशीच्या दिवशी मेहुणा गजू मला गावामागच्या टेकडीवर फिरायला घेऊन गेला. तिथे रानसीताफळांची गर्दी! कुणी लावलेली नाहीत, कुणाच्या मालकीची नाहीत. फळं डोळे उघडून पिकायला टेकलेली. एक पिकलेलं फोडून तोंडात टाकलं आणि मला मामांचं मन जिंकायची वाट दिसली.

"गजू, याचा जाम करू."

"जाम? दाजी, सीताफळ फोडायचं अन खायचं. त्याला अजून काय करायचं?"

"अरे, चार दिवसांत सडून जातं हे सगळं. बरणीत भरलं तर वर्षभर टिकेल. मी व्हिडिओ बघितलाय."

(व्हिडिओ स्ट्रॉबेरीचा होता. पण फळ ते फळ!)

गजूने डोकं खाजवलं. एरवी तो हसला असता, पण पहिल्या दिवाळीला जावयाला नाही म्हणायचं नसतं. जावई रुसला तर भावकीत बोभाटा होतो. आम्ही दोन पोती भरून सीताफळं खाली आणली आणि पिकायला पेंढ्यात घातली. दुसऱ्या दिवशी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, मी बाह्या सरसावल्या. सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, करंज्यांची कढई निमूटपणे चुलीवरून उतरवली.

"करंज्या काय, उद्या बी तळता येत्यात," त्या म्हणाल्या.

सीताफळात बियांच्या मानाने गर किती कमी असतो हे खाताना कळत नाही, जाम करताना कळतं. मामी, ज्योती, गजू आणि खुद्द मामा अशी अख्खी मंडळी परातीभोवती बसून बिया काढत होती. मामा एकदा माझ्याकडे बघत, एकदा स्वतःच्या चिकट हातांकडे बघत आणि पुन्हा बिया काढायला लागत. मी मात्र खूश होतो. सासऱ्याला कामाला लावणारा जावई पंचक्रोशीत दुसरा कोण होता?

गर चुलीवर चढला, साखर पडली. रंग पांढऱ्याचा गुलाबी झाला, गुलाबीचा विटकरी झाला. मी पळीला लागलेला जाम बोटाने चाटणार, तेवढ्यात मामींनी अडवलं.

"थांबा जावईबापू. लक्ष्मीला निवद दाखवायचा हाय. त्याच्या आधी उष्टं करत्यात का कुठं?"

माझा जाम, आणि लक्ष्मीचा नैवेद्य! माझा ऊर भरून आला. मी चाटायचं बोट तसंच धुऊन टाकलं.

पूजा झाली. मामींनी एकेकाच्या तळहातावर चमचाभर प्रसाद ठेवला. मला मात्र अंगणात फटाक्यांची माळ लावायचा मान मिळाला होता. माळ वाजवून आत आलो तर घर कसं शांत. मामांचे डोळे मिटलेले. गजू आढ्याकडे बघत होता. ज्योतीने पदर तोंडाशी गच्च धरला होता. एवढी भक्ती मी त्या घरात आधी बघितली नव्हती.

"कसा झालाय?"

मामींनी तोंडातला घास गिळला.

"लई... लई येगळा झालाय."

"मला द्या की थोडा."

"संपला," मामी म्हणाल्या आणि पातेलं उचलून लगबगीने गोठ्याच्या दाराने बाहेर गेल्या.

संपला! एवढं पातेलं! मला त्या रात्री आनंदाने झोप लागेना. त्यात पाडव्याच्या सकाळी शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात हजर.

"जावईबापू, ते कालचं अजून हाय का हो? परसाद म्हणून आलेलं आमच्या पोराला दिल्तं, पोटातले समदे जंत पडले. बिलकुल बराबर झालं."

मामींनी त्यांना हाताला धरून जल्दी बाहेर नेलं. पण मला जे ऐकायचं ते मी ऐकलं होतं, "अजून हाय का?" मागणी सुरू झाली होती! मी गजूला पोतं घेऊन पुन्हा टेकडीवर पिटाळलं, पिकलेलंच आण म्हणून. ज्योती माझ्यामागे आली.

"अहो, नका ना करू आता."

"का बरं?"

तिने मामींकडे पाहिलं. मामींनी डोळे वटारले.

"तुम्ही दमून राह्यले," ती म्हणाली. मला बायकोचं फार कौतुक वाटलं.

या खेपेला मी दुप्पट जाम केला आणि गरम असतानाच बरण्यांत भरून झाकणं घट्ट लावली. उद्यापर्यंत उघडायच्या नाहीत, असं व्हिडिओतल्या बाईने बजावलं होतं. म्हणून चव घ्यायची याही वेळी राहिली.

भाऊबीजेला भावकीतली माणसं मला भेटायला आली. ओट्यावर बरण्यांची रांग, समोर माणसं, मधे मी. असा मोका पुन्हा मिळणार नव्हता. मी उभा राहिलो.

"मामा, मी विचार केलाय. मोसंबीला पाणी लागतं, फवारणी लागते, वर भाव पडतो. ती बाग काढून टाकू. सगळ्या रानात सीताफळ लावू आणि इथंच जामाचा कारखाना टाकू!"

मामांचा चेहरा उतरला. कारण भावकीतल्या माना हलायला लागल्या होत्या. जावयाचा शब्द, आणि तोही दिवाळसणात.

"मंग बाग कधी काढायची म्हणता?" एका म्हाताऱ्याने अदबीने विचारलं.

मामा उठले. त्यांनी एक बरणी उघडली, चमचा भरला आणि माझ्यासमोर आले.

"आ कर."

मी आ केला. आधी गोड लागलं. मग मागून जे आलं ते जिभेवरून घशात, घशातून कानात आणि कानातून थेट मेंदूत गेलं. कडुनिंबाचा काढा त्यापुढे सरबत! मी थुंकायला जागा शोधू लागलो.

"गिळ," मामा म्हणाले. "आम्ही गिळला. परसाद म्हणून गिळला."

मी गिळला.

"आमच्या घरात आजपोतर कुणी सीताफळ चुलीवर ठेवलं न्हाई. तू ठेवलं, त्याचं इख केलं, चूप बसलो. हिनं पातेलं म्हशीपुढं ठेवलं, तर म्हशीनं लाथ मारून उलथं केलं! जनावराला कळलं, तुला कळंना? अन आता माझी बाग तोडतो? लेकरावाणी वाढवली म्या ती. अक्कल कुठं गहाण टाकली रे?"

"अहो, जावई हाईत ते," मामी कळवळल्या.

"असंल जावई. बागेला हात तर लाव, तंगडंच मोडतो तुझं!"

भावकी खाली मान घालून बसली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, जीभ लाकडासारखी झाली होती, आणि आत मात्र उकळ्या फुटत होत्या. मामा माझ्याशी बोलत होते! थांबता थांबत नव्हते! अरे-तुरे करत होते! मला इतका आनंद झाला की त्या भरात मी आणखी एक चमचा जाम खाल्ला असता. (खाल्ला नाही.)

बाग वाचली. बरण्या शेजारच्या काकू घेऊन गेल्या. आणि मामांना माझ्याशी बोलायची जी सवय लागली ती लागलीच. आता दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. माझी नोकरी, माझं पोट, माझं गाडी चालवणं, एकेक विषय ते सविस्तर घेतात.

"यांना परत अहो-जाहोवर आणायचं कसं?" मी परवा ज्योतीला हळूच विचारलं.

"आता न्हाई जमायचं," ती म्हणाली. "तुम्ही आता पाहुणे थोडेच राह्यले?"

मला भरून आलं. तेवढ्यात फोन वाजला. मामा म्हणाले, "ऐक. त्या मिशीत तू चोरावाणी दिसतो. काढून टाक."

सध्या मला मिशी नाही.