भावजींची परीक्षा

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, फरशी बसवतात. हे दुसऱ्या कोणी सांगायची गरज पडत नाही. कोणाच्याही घरी गेले की चहा येण्याआधी ते खाली बघतात, आणि चहा संपेपर्यंत त्या घरातल्या माणसांचं स्वतःच्या फरशीबद्दल वाईट मत होतं. माझ्या शिवणाच्या खोलीतली एक टाइल किंचित वर आलेली आहे. तिच्यावरून ते मला माझ्या लग्नापासून बोलत आले आहेत, आणि ती बसवून मात्र अजून दिलेली नाही.

ताई त्यांची हेल्पर. लग्न झाल्यापासून. भावजी थापीने सिमेंटचा माल पसरणार, त्यावर टाइल ठेवणार. समोर बसलेली ताई रबरी हातोड्याने ती ठोकून खाली बसवणार. तिचा हातोडा थांबला की भावजी म्हणायचे, "झालं," आणि पुढची टाइल उचलायचे. त्यांचं "झालं" अख्ख्या गावात प्रसिद्ध होतं. लोक सांगायचे, हा माणूस लेव्हलची पट्टी लावत नाही, नुसतं "झालं" म्हणतो आणि पट्टी लावून बघावं तर खरंच झालेलं असतं.

मग नियम आला. मोठ्या बांधकामांवर यापुढे सर्टिफिकेट असलेलाच मिस्त्री आत जाणार. त्याला कार्ड मिळणार, ते फाटकावर दाखवायचं. कितीही वर्षं काम केलेलं असो, परीक्षा द्यायची. भावजींनी आयुष्यभर मोठीच कामं केलेली, आणि तेव्हा नव्या हॉस्पिटलचं काम हातातोंडाशी आलेलं. कार्ड नाही तर घरी बसायचं, एवढा सरळ हिशोब होता. दिवसभर घरी बसलेले भावजी ही कल्पना ताईला सोसवत नव्हती, आणि मी एक गल्ली सोडून राहत असल्यामुळे मलाही.

भावजींना परीक्षेची काळजी अजिबात नव्हती. त्यांनी स्वतःचं नाव घातलं आणि सोबत ताईचंही घातलं.

"तिचं कशाला?" मी विचारलं.

"मग समोर कोण बसणार? दोन माणसांशिवाय फरशी बसते का कधी?"

परीक्षेला प्रत्येक माणूस वेगळा बसतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. शिवणकाम बाजूला ठेवून, डबा घेऊन मीही गेले. लांबलचक शेड, आत लहान लहान खण पाडलेले, दोन खणांच्या मध्ये प्लायवूडची फळी. प्रत्येकाने आपल्या खणात न्हाणीघराची फरशी घालायची, कोपऱ्यातल्या जाळीकडे बरोबर उतार देऊन. मागे घरच्यांसाठी बाकडं होतं आणि वर पाटी होती, की बोलू नये.

आधी तोंडी परीक्षा झाली. सुरक्षेची साधनं कोणती, असं विचारल्यावर भावजी म्हणाले, "नजर." हेल्मेट, हातमोजे आणि बूट असं उत्तर हवं होतं. ताईने हेल्मेट, हातमोजे आणि बूट सांगितलं, कारण भिंतीवर तिन्हींचं चित्र होतं आणि ती चित्राकडे बघत होती.

मग काम सुरू झालं. फळीच्या एका बाजूला भावजी, दुसऱ्या बाजूला ताई. बाकड्यावरून मला दोघंही दिसत होती. भावजींनी माल पसरला, टाइल ठेवली आणि हातोडा घेतला. तो त्यांच्या हातात पाहुण्यासारखा वाटत होता. ठोकायला लागले. पलीकडे ताईही ठोकत होती. ताईचा हातोडा थांबला, आणि भावजींचाही थांबला. ते म्हणाले, "झालं." पुढची टाइल. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस फळीपलीकडच्या टाइलचे ठोके ऐकून अलीकडची टाइल बसवत होता.

त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता, हे मी शपथेवर सांगते. मान ताठ, चेहरा नेहमीसारखा जगाला फरशी शिकवणारा. मी पाटीकडे बघितलं आणि गप्प बसले. मला गप्प बसवायला पाटी लावावी लागते, असं ते नंतर म्हणाले.

परीक्षक भला माणूस होता. स्वतः फरशीच्याच कामातला. गुडघे गेले म्हणून इकडे आलेला. त्याने ताईच्या खणात तांब्याभर पाणी ओतलं. पाणी मुकाट्याने जाळीकडे निघून गेलं. मग त्याने भावजींच्या खणात ओतलं. ते थोडं पुढे गेलं, मग पाण्याने विचार बदलला आणि ते मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. आम्ही सगळे त्या पाण्याकडे बघत राहिलो. ते काही उठलं नाही.

"हातोडा मारताना तुम्ही टाइलकडे बघत नाही," परीक्षक म्हणाला.

"मला बघायची गरज पडत नाही."

"मीही तेच लिहिलंय," परीक्षक म्हणाला. "एकट्याने सराव करा आणि पुन्हा बसा."

परतताना ताई डब्याची पिशवी सांभाळत मागे मागे चालत होती. पास झालेला माणूस इतका ओशाळलेला मी पहिल्यांदाच बघितला. भावजी म्हणाले, "मध्ये फळी होती, त्याने घोळ झाला."

"फळीमुळे पाणी तुंबलं?"

"तुला त्यातलं कळत नाही."

ठेकेदाराने तोडगा काढला. नियम माझा नाही, म्हणाला, पण वहिनींकडे कार्ड आहे ना, मग त्या मिस्त्री म्हणून येऊ देत, तुम्ही त्यांचे हेल्पर म्हणून या. भावजींनी त्याला दार दाखवलं. ताई दुसरी एक हेल्पर घेऊन हॉस्पिटलवर जाऊ लागली, आणि भावजींनी घरी सराव सुरू केला. सरावासाठी त्यांनी स्वतःचंच न्हाणीघर फोडलं.

त्यांचं अख्खं घर माझ्याकडे आंघोळीला यायला लागलं. भावजी फरशी घालायचे, पाणी ओतायचे, पाणी कोपऱ्यात बसायचं, भावजी फरशी उखडायचे. ताई संध्याकाळी थकून यायची, न्हाणीघराच्या दारात क्षणभर उभी राहायची आणि स्वयंपाकाला लागायची. मला तिचा राग यायचा. एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं? पण त्यांनी विचारल्याशिवाय सांगितलं तर त्यांना ते आयुष्यभर सलेल, असं तिचं म्हणणं.

एक दिवस दुपारी भावजी टॉवेल खांद्यावर टाकून आले. आंघोळ न करताच शिवणाच्या मशीनपाशी बसले. वर आलेल्या टाइलकडे बघितलंसुद्धा नाही.

"ती हातोडा नेमका कधी थांबवते गं? तुला कधी बोललीय का?"

"मला काय माहीत? तिला विचारा."

"तिला कसं विचारू?"

"तोंडाने."

ते टॉवेलची दशी ओढत म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटायचं, मी झालं म्हणतो म्हणून ती थांबते."

यावर मला खूप बोलता आलं असतं. भावजींची टर उडवायची संधी मी सहसा दवडत नाही. पण त्यांचा चेहरा बघून मी बाहीची टीप उसवून पुन्हा घालायला घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई आली. साबण आणला नव्हता, म्हणजे आंघोळीला आलेली नव्हती. मशीनजवळच्या बाकड्यावर टेकली आणि म्हणाली, "आज हे आले होते कामावर."

सकाळी भावजी तिच्या मागोमाग चालत फाटकापर्यंत गेले होते. सगळे ओळखीचे गवंडी, सुतार, रंगारी रांगेत उभे. पहारेकऱ्याने कार्ड मागितलं आणि सवयीने भावजींकडेच हात पुढे केला. भावजी बाजूला झाले आणि ताईकडे बोट करून म्हणाले, "मिस्त्री या आहेत. मी यांच्या हाताखाली."

"सगळ्यांसमोर?" मी विचारलं.

"सगळ्यांसमोर. मला अहोजाहो केलं गं."

"मग तू काय केलंस?"

ताईने पदराने तोंड पुसलं. "काय करणार. मला तर रडूच येत होतं. पण मागे रांग खोळंबली होती. आत गेल्यावर मालाचं घमेलं त्यांच्या डोक्यावर दिलं. जड होतं, पण दिलं."