नव्वद दिवस

भरे गावच्या नलिनीने बी.ए.नंतर तीन वर्षं कायदा शिकून सनद मिळवली आणि २००४ साली ती पौडच्या कोर्टात दादासाहेब वकिलांकडे ज्युनिअर म्हणून लागली. खरी वकिली इथं शिकायची होती. पहिलं वर्षभर दादासाहेबांनी तिला एकच काम दिलं, तारीख मागायचं.

लवळ्याच्या रंभाबाईचा दावा होता. पुतण्याने तिची जमीन परस्पर विकली होती आणि दादासाहेब घेणाऱ्याचे वकील होते. दर तारखेला म्हातारी उन्हातान्हाची यायची. नलिनी उभी राहून सांगायची, "सिनिअर दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी." बाहेर आल्यावर रंभाबाईच तिला जवळ बसवायची. "दमलीस पोरी. खा दोन घास." दावा हीच पोर लांबवतेय हे म्हातारीला कधी कळलं नाही. किंवा कळलंही असेल, आणि तरी भाकरी मोडून दिली असेल.

दोन वर्षांनी श्रावणात रंभाबाई गेली. नव्वद दिवसांत वारसाचं नाव दाव्यात लागलं नाही, तर दावा आपोआप संपतो. रंभाबाईचा वकील निवांत होता, वारसाचा अर्ज त्याने केलाच नव्हता. वारस एकच, पिरंगुटला कारखान्यात कामाला जाणारी मुलगी लीला. नलिनीची एसटी रोज तिच्या घरावरून जायची.

"तिला सांगितलं तर?" नलिनीने विचारलं.

"आपण कुणाचे वकील?" दादासाहेब शांतपणे म्हणाले. "पक्षकाराशी दगा करायचा नसतो. हे आधी शीक."

त्यांचं चुकत नव्हतं. एसटी रोज लीलाच्या घरावरून जात राहिली आणि नलिनी उतरली नाही.

एक्क्याण्णवाव्या दिवशी दावा संपल्याचा अर्ज तिनेच लिहिला. तो मंजूर झाला. दादासाहेबांनी पाठ थोपटली.

चार दिवसांनी ती लीलाच्या दारात उभी राहिली. दावा संपल्यापासून साठ दिवसांत अर्ज करून दावा पुन्हा उभा करता येतो, एवढं तिने सांगितलं.

"म्हंजी तुमाला आधी ठावं व्हतं?"

"हो."

लीलाने अर्धं दार लोटून घेतलं. "आई तुमचं नाव लई घ्यायची. म्हणायची, कोर्टात आपलं एक माणूस हाय." मग म्हणाली, "मला न्हाई भांडायचं आता. तुमी जावा."

लीलाने अर्ज केला नाही. नलिनीने दादासाहेबांना सगळं सांगितलं आणि काम सोडलं. पुढे हिंजवडीच्या एका कंपनीत ती करारांचे कागद तपासायला लागली. कोर्टात ती पुन्हा उभी राहिली नाही.