अननसाचं श्रीखंड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तुळसाबाईला ओळखत नाही.

तुळसाबाई आमच्याकडे स्वयंपाकाला होती. पेठ तालुक्याकडची. अठ्ठ्याहत्तर साल असेल, गंगापूर रोडला आमचं नवं घर झालं होतं. पेरूची भाजी करावी तर तिनं, द्राक्षांची कोशिंबीर करावी तर तिनं! सासूबाई बोटं चाटत आणि मी जळत असे. त्यात मी मुळातच संशयी — तिनं डबा पुसून ठेवला तरी मला वाटायचं, का बरं पुसला?

आणि तिचं ते अननसाचं श्रीखंड. फोडी आधी साखरेत शिजवायच्या, पार गार करायच्या, मगच चक्क्यात घालायच्या. "वहिनी, कच्चा नाय घालायचा, नासतं." का नासतं? ते तिला सांगता यायचं नाही. मला वाटलं, थापा मारतेय. खरी कृती लपवायची, म्हणजे तिच्यावाचून घराचं अडावं — असंच ना?

धाकट्या दिरांच्या केळवणाला ती पानं मांडायला गेली आणि मी तिच्या श्रीखंडाच्या पातेल्यात वाटीभर कच्च्या फोडी मिसळल्या. तिचं खोटं उघडं पाडायचं होतं मला. पंगत बसायला दोन तास लागले. पहिल्याच घासाला पाहुण्यांची तोंडं वाकडी — श्रीखंड कडूजहर!

"काय घातलंस गं यात?" सासूबाई सगळ्यांसमोर ओरडल्या.

तुळसाबाईनं पातेलं ढवळलं, एक करकरीत फोड बोटांत धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून मीठ वाढत राहिले.

"माझ्याच हातनं चुकलं, आई," ती म्हणाली.

का म्हणाली? तेव्हाही मला संशयच — हिचा यात काही डाव असेल. तिला त्याच दिवशी काढलं. जेवणात काहीबाही घालते, असं सासूबाईंनी कॉलनीभर सांगितलं. मग तिला कोण ठेवणार?

चार दिवसांनी मी गुपचूप वाटीभर दह्यात कच्ची फोड ठेवून पाहिली. दोन तासांनी चाखलं. तसंच कडू.

त्याच आठवड्यात ती बोचकं घेऊन, पोरांसकट, आमच्या दारावरून एसटी स्टँडकडे निघाली. सासूबाई आतच बसल्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं. मी खिडकी लावून घेतली.

आता श्रीखंडाचा अननस मी आधी साखरेत शिजवते. सगळे वाखाणतात. परवा सुनेनं विचारलं, "आई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," मी म्हणाले.