सुटेना ती दांडी

चिखलात गरगरणाऱ्या चाकाखाली दगड घालायचे सोडून मी ते घातले मुकाट उभ्या असलेल्या चाकाखाली. ड्रायव्हर पोट धरून हसला. "अरे भिया, जो पहिया सो रहा है, उसको काहे को बिस्तर दे रहे हो!"

धारहून धरमपुरीला निघालो होतो. पत्नीला सातवा महिना, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला पोचवायला मी एका ठेकेदाराच्या मोटार-लॉरीत जागा मिळवली होती. परक्या पुरुषाशेजारी कसं बसायचं, म्हणून ती मागे सरकीच्या पोत्यांवर; मी पुढे. घाटाच्या तोंडाशी मावठ्याने भिजलेल्या काळ्या मातीत लॉरी रुतली.

ड्रायव्हर पूर्वी देवासला जुनी लॉरी हाकायचा. तिचं एक चाक घसरू लागलं की इंजिनाचं सगळं बळ त्याच चाकात जाई आणि कोरड्यावरचं दुसरं ढिम्म उभं. या नव्या गाडीचंही तसंच, पण हिच्यात माझ्या गुडघ्याशी एक दांडी होती. ती ओढली की मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडून बरोबरीने फिरत. "कीचड़ गया कि छोड़ देना," त्याने बजावलं, "नहीं तो गाड़ी मुड़ेगी नहीं."

मी दांडी ओढली. लॉरी एका हिसक्यात बाहेर! मागे वळून मी ऐटीत ओरडलो, "बघितलंस?" दांडी मात्र सोडली नाही. पुन्हा रुतलो तर, ही धास्ती.

उताराचं पहिलंच वळण आलं. ड्रायव्हरने हातातलं चक्र फिरवलं, पुढची चाकं वळली, पण लॉरी ओल्या मुरमावरून सरळच निघाली. दरीकडे.

"छोड़ो, भिया, छोड़ो!"

जीव खाऊन लोटली, पण दांडी हलेना. दोन चाकांच्या ओढाताणीत ती घट्ट अडकून बसली होती. समोर रस्ता संपला होता आणि सागाचे शेंडे माझ्या पायांच्या पातळीला दिसत होते. मागे पोत्यांवर दोन जीव. उडी मार म्हणून तिला ओरडायचं सोडून मी रामरक्षा धरली. तीही पहिल्या ओळीतच अडली.

ड्रायव्हरने क्लच दाबला. ओढ सैल झाली तशी दांडी खटकन सुटली आणि लॉरीने नाक फिरवलं. थांबलो तेव्हा पुढचं डावं चाक कडेच्या दगडाला टेकलेलं होतं. सुटलेले खडे खाली बराच वेळ वाजत राहिले.

मी मागे गेलो. एका हाताने पोट सांभाळत, काखेत कपड्यांचं बोचकं घेऊन ती पोत्यांवरून उतरत होती, चेहरा पांढराफटक. मी हात दिला.

"वळणं संपेपर्यंत मी चालत येते," ती म्हणाली. "गाडी त्याला एकट्याला आणू द्या. आणि तुम्हाला काही घट्ट धरून ठेवायचंच असेल, तर हे बोचकं धरा."