चिमणीचा पहिला धूर

कारखान्याच्या नव्या चिमणीतून पहिला धूर निघाला, तेव्हा मी शहाणी, मजुरांच्या कॅम्पातल्या झोपड्यांतून गूळ वाटत फिरले. आमचे हे ठेकेदाराकडे त्या चिमणीच्या बांधकामावर होते. तोरा असा, की जसा धूर माझ्याच चुलीचा!

संध्याकाळी हे आले ते भिंतीला टेकून बसले.

"काहून तोंड पाडून बसले? गूळ खा."

"अवं, बांधून झालं. आता मले कोन ठेवते?"

"एवढा मोठा कारखाना, तुमच्यापुरतं काम नसन काय त्यात?"

नव्हतं. आतल्या नोकरीला शाळेचा दाखला लागायचा. यांनी शाळा पाहिली ती फक्त बांधताना. आम्ही काही दिवस पेजेवर काढले, मग हे दूरच्या दुसऱ्या बांधकामावर निघून गेले.

पहाटे कारखान्याचा भोंगा वाजला, की मी खुळी उठून चूल पेटवायची. डबा न्यायला कोणी नाही, हे नंतर आठवायचं.