डावीकडे जाणारा बैल

तान्ह्या पोळ्याच्या मैदानात आबाजी आपला लाकडी बैल दोन्ही हातांनी उचलायचे आणि चारी दिशांना फिरवून दाखवायचे. कोणाचं हसायचं राहून जायला नको. मग विचारायचे, "हासून झालं? मंग चाला समोर."

आमच्या समोरच राहायचे. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं सजवलेले लाकडी बैल मिरवतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण लेकरांच्या त्या रांगेत सत्तरीचा माणूस उभा राहिलेला आमच्या जाम गावातच पाहायला मिळे. ढाब्यामागे पडलेल्या खोक्यांची लाकडं आणून ते वर्षभर बैल कोरत, आणि वर्षभर कोरून त्याची बकरी होई. एक चाक वाकडं, त्यामुळे दोरी ओढली की बकरी डावीकडेच जाई. "इतके वर्सं गाडी सरळ चालवली," ते म्हणत, "आता याले जाऊ दे जिकडं जाते तिकडं."

माझी प्राची तेव्हा चौथीत होती. जाड भिंगांचा चष्मा तिला माझ्याकडून वारशात मिळालेला. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतंच. वर्गातल्या मुली तिला 'सोडावॉटर' म्हणत. शाळेची वेळ झाली की हिचं पोट दुखे. मी हुशार बाप, रोज ओवा देत असे.

एक दिवस ती त्यांच्या पायरीवर जाऊन बसली.

"काऊन वं, रडून राह्यली?"

"पोरी मले हासतात, आबाजी."

"मलेबी हासतात. हे पटाशी धर."

चष्मा काढून, लाकूड नाकाशी नेऊन ती कोरू लागली. जवळचं तिला इतरांपेक्षा नीट दिसतं, हे तेव्हा कळलं. पहिल्या बैलाचा कान तुटला, दुसऱ्याचं शिंग. तिसऱ्या वर्षीच्या बैलाला मात्र पापण्या होत्या, गळ्याखाली लोंबती पोळी होती. आबाजी त्याच्याभोवती फिरून म्हणाले, "हा तं चारा मागते!"

मग त्याच मुली दारात आल्या. "माह्या बैलाचे डोळे कोरून देशीन का, सोडावॉटर?"

"देते. पह्यले नावानं हाक मार."

"प्राची," ती मुलगी पुटपुटली. पोटदुखी थांबली. ओव्याची बरणी तशीच राहिली.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला बक्षीस प्राचीलाच मिळालं. ती त्या मुलींच्या घोळक्यात उभी होती. आबाजींनी बकरी उचलली. मैदानात इतकी वर्षं न हसणारी ही एकटीच. त्या दिवशी एका मुलीनं मोबाइल काढला, सगळ्या हसल्या, आणि हीही हसली. बैल फिरत तिच्यासमोर आला, जरा थांबला आणि खाली उतरला. त्या वर्षी "हासून झालं?" असं त्यांनी विचारलंच नाही.

तो व्हिडिओ गावभर फिरला. त्यात सगळ्यात मोठं हसू आमच्या प्राचीचं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं त्यांच्या बैलासाठी एक चाक कोरायला घेतलं. "देताना सांगीन त्याह्यले, चुकलं म्हनून," म्हणाली. पण हात आता इतका तयार झालेला, की कोणतंच चाक तिला पुरेसं गोल वाटेना. दिवाळीनंतर आबाजींची मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. प्राची शाळेत होती. बकरी आमच्या ओट्यावर ठेवून ते मला म्हणाले, "पोरीले सांगजा, येजो म्हना."

जाऊ, या रविवारी जाऊ, असं मी म्हणत राहिलो. उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, आणि जायचं कारण उरलं नाही.

यंदा प्राचीनं आपला बैल घरी ठेवला आणि बकरी काढली. मी म्हटलं, "तू कोरलेलं एखादं चाक लावून टाक ना आता."

"हात नका लावू, बाबा."

मैदानात तिनं ती चारी दिशांना फिरवली. लेकरं पोट धरून हसली. सगळ्यांचं होईपर्यंत ती थांबली. ओठ हलले, पण "हासून झालं?" हे काही तिच्या तोंडून निघालं नाही.

परतताना आमच्या गल्लीत दोरी ओढली तशी बकरी डावीकडे गेली, आबाजींच्या कुलूप लावलेल्या फाटकाकडे. तिनं तिला सरळ केलं नाही.